घरातली मराठी मोजायची कशी? : विद्यार्थ्यांच्या गटप्रकल्पाची आखणी

(आषाढी एकादशीच्या कार्यक्रमानंतर झालेल्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)

आम्ही प्राध्यापक नाही, हे आधीच सांगून टाकतो. पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि वीस-बावीस वर्षं राज्य सरकारच्या नोकरीत उपयंत्री म्हणून रस्ते, नाल्या आणि मोजमापाच्या नोंदी सांभाळतो आहोत. त्यामुळे "मुलांचा संशोधन प्रकल्प करायचा आहे, आखणी तुम्ही समजावून सांगा" असं कार्यकारिणीनं म्हटलं, तेव्हा आम्ही सरळ नाही म्हणालो. त्यावर अध्यक्ष म्हणाले, "अहो, तुमचं सगळं आयुष्य मोजण्यात गेलं. मोजताना काय चुकतं, तेवढं सांगा." ते मात्र आम्हाला नक्की सांगता येईल. चुका भरपूर केल्या आहेत.

विषय तुमच्यापैकीच एका मुलीनं सुचवला. आपल्या इंदूरच्या मराठी घरांत मराठी किती उरली आहे? विषय ऐकून सभागृह जरा शांत झालं होतं, ते आम्ही पाहिलं. १८१८ मध्ये मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. आपल्यापैकी कितीतरी घरं त्याच्या आगेमागे इथे आली, काही त्याही आधी. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर इथे सात-आठ पिढ्या झाल्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपणही पेढे वाटले. आता घरातल्या मराठीचा हिशोब मांडायचा म्हटल्यावर पोटात गोळा येणारच. आम्हालाही आला.

त्याचं कारण आधी सांगतो.

फेब्रुवारी २०११ मध्ये जनगणनेच्या कामावर आमची प्रगणक म्हणून ड्यूटी लागली होती. ९ ते २८ फेब्रुवारी, घरोघर फिरून फॉर्म भरायचे. त्यात प्रत्येक माणसाची मातृभाषा विचारायची, आणि त्याशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषा. सांगेल ते लिहायचं, वाद घालायचा नाही, अशी स्पष्ट सूचना होती. जनगणनेत मातृभाषा म्हणजे काय, हेही ठरलेलं आहे : लहानपणी त्या माणसाची आई त्याच्याशी ज्या भाषेत बोलत होती ती. आमच्या घराची पाळी आली तेव्हा आमचा मुलगा दोन वर्षांचा होता. त्याच्यापुढे मातृभाषा 'मराठी' अशी नोंद झाली, आणि ती अगदी खरी होती. त्याची आई त्याच्याशी मराठीतच बोलत होती.

आज तो सोळा वर्षांचा आहे. इथेच तिसऱ्या रांगेत बसला आहे. आजीशी तो मराठीत बोलतो. आमच्याशी अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. धाकट्या बहिणीशी भांडतो, हसतो, गुपितं सांगतो ते सगळं हिंदीत. जनगणनेची नोंद खोटी नव्हती. तिला विचारलेला प्रश्नच वेगळा होता. आईनं बाळाशी कोणती भाषा वापरली, हे तिनं विचारलं. बाळ मोठं होऊन कोणाशी कोणत्या भाषेत बोलतं, हे तिनं विचारलंच नाही. पुढची जनगणना २०२७ ची जाहीर झाली आहे. तेव्हाही आम्ही त्याच्यापुढे मराठीच सांगू, आणि तेव्हाही ते खरंच असेल.

म्हणून पहिला धडा. मोजायला निघण्याआधी प्रश्न एका वाक्यात लिहा, आणि असा लिहा की त्याचं उत्तर कुठे सापडेल ते दिसलं पाहिजे. "मराठी किती उरली?" हा प्रश्न भाषणाला ठीक आहे, प्रकल्पाला नाही. जोशुआ फिशमन नावाच्या अमेरिकन भाषाभ्यासकांनी १९६५ मध्ये हा प्रश्न सुटसुटीत करून ठेवला आहे : कोण, कोणाशी, कधी, कोणती भाषा बोलतं. आपण तोच घेऊ. आपल्या घरांतल्या तीन पिढ्या एकमेकींशी आणि आपसात कोणत्या प्रसंगी कोणती भाषा बोलतात? एवढाच प्रश्न. वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढे सहा महिने कोणी काहीही सुचवलं, तरी त्या वाक्याशी ताडून बघा.

आता पद्धती. तुमच्यातल्या बहुतेकांचं मत पडलं की गूगल फॉर्म बनवू, व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू, चार दिवसांत उत्तरं येतील. येतील की! पण कोणाची येतील? जे ग्रुपवर आहेत, ज्यांना मंडळाची ओढ आहे, ज्यांना मराठीतला फॉर्म वाचायचा कंटाळा नाही, त्यांची. म्हणजे ज्यांच्या घरात मराठी आहे, तेच सांगणार की आमच्या घरात मराठी आहे. ज्यांनी वर्गणी देणं थांबवलं, ज्यांची मुलं मंडपात येत नाहीत, त्यांचं घर या फॉर्ममध्ये दिसणारच नाही.

दुसरी गोष्ट माणसाच्या स्वभावाची. रिचर्ड लापिएर नावाचे एक समाजशास्त्रज्ञ १९३० नंतरची दोन वर्षं एका तरुण चिनी जोडप्याबरोबर मोटारीनं अमेरिकाभर हिंडले. तिथे त्या काळी चिनी लोकांविषयी उघड आकस होता. उतरण्याच्या आणि जेवणाच्या २५१ ठिकाणी ते गेले, आणि नकार मिळाला फक्त एका ठिकाणी. सहा महिन्यांनी त्यांनी त्या जागांना पत्र लिहून विचारलं, तुम्ही चिनी पाहुण्यांना जागा द्याल का? १२८ ठिकाणांहून उत्तरं आली. दहातल्या नवांहून जास्त लोकांनी 'नाही' लिहिलं. १९३४ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

कागदावर एक आणि दारात आलेल्या माणसाशी वागणं दुसरं. तिथे लोक वागले चांगले आणि लिहिलं वाईट. आपल्याकडे उलटं होईल असा आमचा अंदाज आहे. पण एवढ्यावरून फॉर्म टाकून द्यायचा का? नाही. पत्राला उत्तर देणारा मालक आणि दारात उभा असलेला नोकर ही दोन माणसं असू शकतात. शिवाय, लोकांना स्वतःविषयी काय सांगावंसं वाटतं हीसुद्धा माहितीच आहे. घरात हिंदी बोलणारा माणूस फॉर्मवर 'मराठी' लिहितो, तेव्हा त्याला मराठी आपली वाटते हे कळतं. ते काही कमी नाही. मात्र त्यावरून तो रात्री जेवताना काय बोलतो, ते कळत नाही.

म्हणून एका पद्धतीवर विसंबायचं नाही. आणि इथे आमच्या डिप्लोमातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला प्लेन टेबलचं प्रॅक्टिकल असे. तिपाईवर ड्रॉइंग बोर्ड बसवायचा, त्यावर कागद. आजूबाजूच्या तीन ठळक खुणा, समजा एक देवळाचा कळस, एक पाण्याची टाकी आणि एक चिमणी, कागदावर आधीच मांडलेल्या असतात. आपण जिथे उभे आहोत ती जागा कागदावर कुठे, हे शोधायचं. तिन्ही खुणांकडे एकेक करून नेम धरायचा आणि त्यांच्याकडून आपल्याकडे रेघ ओढायची. बोर्ड बरोबर दिशेला लावलेला असेल तर तीन रेघा एका बिंदूत मिळतात. बोर्ड जरासा जरी फिरला असेल तरी मिळत नाहीत, मध्ये एक छोटा त्रिकोण राहतो. त्याला त्रुटीचा त्रिकोण म्हणतात.

आमचा त्रिकोण राहिला. ऊन मे महिन्याचं, वेळ संपत आलेला. आम्ही तिसरी रेघ रबरानं खोडली आणि पहिल्या दोघींच्या छेदातून झकास नवी ओढली. मास्तरांनी कागद उन्हात तिरका धरला, खोडलेल्या रेघेचा ओरखडा बघितला आणि म्हणाले, "रेखा मत सुधारो, बोर्ड सुधारो।" आणि पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं.

भारताचे नकाशे याच त्रिकोणांच्या हिशोबावर उभे राहिले. आपल्याच मध्य प्रदेशात सिरोंजजवळचं कल्याणपूर हे त्या मोजणीचं एक मुख्य ठाणं होतं. समाजाचा अभ्यास करणाऱ्यांनी हा शब्द आमच्या मोजणीतून उचलला. एकच गोष्ट दोन-तीन वेगळ्या वाटांनी बघायची, याला तेही ट्रँगुलेशनच म्हणतात. पण शब्द उचलताना पुष्कळांच्या मनात एवढंच राहतं की तिन्ही रेघा मिळाल्या की आपलं म्हणणं सिद्ध झालं. मास्तरांनी शिकवलं ते याच्या पुढचं आहे. रेघा मिळाल्या नाहीत, तर आपला बोर्ड कुठे फिरला आहे ते बघायची संधी मिळाली. तीन पद्धती वापरायच्या त्या यासाठी.

आता आपल्या प्रकल्पात चार पद्धती घेऊ. कोणती पद्धत कशासाठी आणि तिचा खोट कुठे, ते नीट ऐका.

पहिली, मुलाखत. याच श्रावणात पाच-सहा घरांत जाऊन आजी-आजोबांशी, मधल्या पिढीशी आणि एखाद्या सुनेशी निवांत बोला. फॉर्मच्या आधी मुलाखती, हा क्रम मोडू नका. लोक कोणत्या शब्दांत बोलतात ते कळल्याशिवाय फॉर्ममध्ये काय विचारायचं ते कळत नाही. आमची आई म्हणते, "आम्ही मराठीच बोलतो, पण दूधवाला आला की आपोआप हिंदी होते, आणि तो गेला तरी ती थोडा वेळ तशीच राहते." हे कोणत्याही फॉर्मला सुचलं नसतं. मुलाखतीचा खोट असा, की बोलकी माणसंच बोलतात आणि जुने दिवस नेहमी गोड आठवतात.

दुसरी, प्रश्नावली. घरं व्हॉट्सअॅपवरून निवडायची नाहीत. सभासदांचं जुनं रजिस्टर घ्या, ज्यांनी येणं सोडलं त्यांच्यासकट, आणि त्यातलं दर चौथं घर घ्या. घर बंद असेल तर पुन्हा जा. सोयीचं शेजारचं घर घेऊ नका. "तुम्ही घरी मराठी बोलता का?" असं विचारायचं नाही. त्याला 'हो' शिवाय उत्तरच नाही. विचारा, "काल रात्री जेवताना तुम्ही आजींशी कोणत्या भाषेत बोललात? भावाशी? मोबाईलवर मित्राला काय लिहिलंत?" कालची गोष्ट विचारली की माणूस आठवतो, सजवत नाही. 'मिसळ' असाही एक रकाना ठेवा. आपली इंदुरी मराठी, "काय करून राहिलास?" म्हणणारी, ती मराठीच आहे. पुण्याच्या फूटपट्टीनं तिला हिंदीत टाकू नका. फॉर्म आधी पाच घरांत चालवून बघा. निदान दोन प्रश्न तरी बदलावे लागतील.

तिसरी, निरीक्षण. गणपतीचे दहा दिवस यासाठी उत्तम. प्रसादाची रांग, नाटकाच्या तालमीची खोली, बाहेर चपला-स्कूटरींचा घोळका, अशा तीन जागा ठरवा. दहा-दहा मिनिटं थांबून मुलं आपसात कोणत्या भाषेत बोलतात याच्या नुसत्या काड्या मांडा. म, हि, इं आणि मिसळ, चार खाणी. नाव लिहायचं नाही, मोबाईलवर रेकॉर्ड करायचं नाही. दोघांनी एकाच वेळी वेगवेगळ्या वह्यांत मांडायचं आणि मग ताडून बघायचं. दोन वह्या जुळल्या नाहीत तर 'मिसळ' म्हणजे काय यावर तुमचं एकमत नाही, ते आधी करा. असं निरीक्षण होणार आहे हे मंडळ पहिल्या दिवशी माईकवरून सांगेल, कारण लपून ऐकणं आपल्याला शोभत नाही. सांगितल्यामुळे पहिल्या दिवशी सगळे शुद्ध मराठी बोलतील! तो दिवस हिशोबात धरू नका. तिसऱ्या दिवसापर्यंत विसरतील. निरीक्षणाचा खोट हा, की मंडपातली मुलं म्हणजे सगळी मुलं नव्हेत.

चौथी, जुने कागद. प्रत्येक घरात एका पिशवीत लग्नपत्रिका साठवलेल्या असतात. आजोबांच्या, बाबांच्या, आत्याच्या, परवा झालेल्या दादाच्या. कोणती पत्रिका पूर्ण मराठीत, कोणती दोन भाषांत, 'श्रीगजानन प्रसन्न' एवढंच मराठीत आणि बाकी इंग्रजीत कधीपासून, हे वर्षवार मांडा. मंडळाच्या सभांची इतिवृत्तं आणि जुन्या स्मरणिकाही कपाटात आहेत. कागद तुमच्यापुढे लाजत नाही आणि बढाईही मारत नाही. पण पत्रिका पाहुण्यांसाठी असते. पाहुणे कोण होते, हेच तिच्यावरून जास्त कळतं. आणि जपून ठेवल्या त्याच पत्रिका तुमच्या हाती येणार, हेही विसरू नका.

आता कामाची वाटणी. इथे आमची एक मोठी चूक कबूल करायची आहे. काही वर्षांपूर्वी मुलांच्या अशाच एका कामाची जबाबदारी आमच्याकडे होती. पाच मुलं, पाच भाग, प्रत्येकाला एक. वाटलं, किती सुटसुटीत! एक मुलगा कोचिंगसाठी बाहेरगावी गेला, त्याचं सगळं त्याच्या मोबाईलमध्ये. दुसऱ्याचा मोबाईल बिघडला. दोघांनी शेवटच्या आठवड्यात हात वर केले. राहिलेल्या एका मुलीनं चार रात्री जागून सगळ्यांचं पुरं केलं. कार्यक्रमात पाचही नावं वाचली गेली, पाच पुष्पगुच्छ दिले गेले. ती मुलगी त्यानंतर मंडळात आली नाही. आम्ही तिला दोष देत नाही. बघायचं काम आमचं होतं आणि आम्ही पाहिलं नाही.

म्हणून यंदा एकेकट्यानं काम नाही, जोड्या. बारा जण आहात, सहा जोड्या करा, शक्यतो एक कॉलेजचा आणि एक शाळेतला. प्रत्येक जोडी दोन पद्धतींत काम करेल. फॉर्म भरणाऱ्यांनी निरीक्षणही केलं पाहिजे, नाहीतर जो तो आपलीच पद्धत खरी म्हणून भांडतो. दर रविवारी अर्धा तास मंडळाच्या खोलीत जमायचं. काय झालं, काय राहिलं, कोणाला मदत हवी, एवढे तीनच विषय. सगळ्या वह्या मंडळाच्या कपाटात, फोटो काढून दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी. आणि वहीला आमच्या फील्ड बुकचा नियम : रबर चालणार नाही. चुकलं तर त्यावर एक रेघ मारा, वर बरोबर लिहा, सही करा. चूक दिसली पाहिजे.

वेळापत्रक घरच्या घाईनुसार करू. श्रावणात मुलाखती आणि फॉर्मची चाचणी. गणपतीत निरीक्षण. दिवाळीत फॉर्म नकोत. पुण्या-मुंबईचे पाहुणे आलेले असतात, तेव्हा सगळ्यांच्या घरी मराठी जोरात असते! भाऊबीजेनंतर ते नोव्हेंबर अखेर प्रश्नावली. पत्रिका आणि कागद जसजसे मिळतील तसे. संक्रांतीला सगळे एकत्र बसून चारही हिशोब शेजारी शेजारी मांडायचे. त्यानंतर दहावी-बारावीवाल्यांना सुट्टी, त्यांच्या बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारीत असतात. लिहिण्याचं काम कॉलेजवाल्यांचं. गुढीपाडव्याला वाचन.

संक्रांतीच्या त्या बैठकीत काय करायचं, ते आत्ताच सांगून ठेवतो. एका मोठ्या कागदावर उभ्या रकान्यांत चार पद्धती, आडव्या ओळींत नाती : आजी-नातवंडं, आई-मुलं, भावंडं, मित्र. प्रत्येक चौकोनात जे सापडलं ते लिहा. जिथे चारही जुळतात तिथे ते आनंदानं सांगा. जिथे जुळत नाहीत तिथे लाल पेन्सिलीनं गोल करा आणि तिथेच सगळ्यात जास्त वेळ घालवा. समजा फॉर्ममध्ये भावंडं मराठीत बोलतात असं आलं आणि मंडपात हिंदीच्याच काड्या दिसल्या, तर कोण खोटं बोललं हे शोधू नका. फॉर्म कोणी भरला ते बघा. आईनं भरला असेल, तर तिच्यासमोर मुलं मराठीच बोलत असतील आणि तिच्या पाठीमागे हिंदी. दोन्ही खरं. मराठी ही त्या मुलांसाठी मोठ्यांशी बोलायची भाषा झाली आहे, असं काहीतरी त्या त्रिकोणात सापडेल. किंवा आमचा अंदाज साफ चुकेल. चुकला तर आमच्याएवढा आनंद कोणालाच होणार नाही.

आणखी एक जपा. दारात गेल्यावर आधी सांगा आपण कशासाठी आलो, नाव कुठे छापणार नाही, आणि नको असेल तर नको म्हणा. एखादी सून इंदूरच्याच हिंदी घरातली असेल, तिला "तुमच्यामुळे..." असा सूरही लागता कामा नये. अशा कितीतरी जणींनी इथे आरत्या पाठ केल्या आहेत, आणि त्या बघूनच आपली मुलं म्हणतात.

शेवटी एक विनंती कार्यकारिणीला, सगळ्यांसमोर. पाडव्याला ही मुलं जे वाचतील ते आपल्याला आवडेलच असं नाही. जे येईल ते तसंच पुढच्या स्मरणिकेत छापायचं, हे आजच ठरावात लिहा. कोणी म्हणेल, बाहेरचे काय म्हणतील. आम्ही रस्त्याच्या कामावर वीस वर्षं एक बघितलं आहे. खड्डा कागदावर आला की त्याची दुरुस्ती होऊ शकते. कागदावर न आलेला खड्डा तसाच राहतो.

आणि ही स्मरणिका हातात घेऊन जे घरी वाचत असतील, त्यांना एवढंच सांगणं. दिवाळीनंतर आपल्यापैकी काहींच्या दारात दोन मुलं वही घेऊन येतील. त्यांना चहा द्या, आणि जे शोभेल ते सांगू नका, जे होतं ते सांगा. आमच्याही घरी येतील. आमच्या मुलाला आम्ही सांगून ठेवलं आहे की बहिणीशी काल कोणत्या भाषेत भांडलास, ते खरं खरं लिहायचं. तो म्हणाला, "पापा, सच में लिखूँ?" आम्ही म्हणालो, हो रे बाळा, खरं तेच लिही.